तार चाखणारे रोहेकर

रोहेकरांना वस्तू जिभेला लावून बघायची खोड होती. चौकोनी सेल हातात आला की त्याची टोकं आधी जिभेला. नळाचं पाणी गढूळ आलं की बोट बुडवून जिभेला. भिंतीचा पोपडा निघाला, तोही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंडावरच विचारलं, "व्याहीबुवा, रोह्याला कोण जेवायला घालत नाय काय?" ते हसले. म्हणाले, "कारखान्यात सगळी उमर जीभ दातांआड ठेवून काढली. तिथे काही चाखलं की माणूस आडवा. आता निवृत्त झालोय, तेवढी हौस फेडून घेतो."

त्यांच्या त्याच जिभेवर माझा राग आहे. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही. रोहेकर गेले, राग आहे तिथेच आहे, आणि तो कशाचा हे सांगितल्याशिवाय ते कसे होते हेही सांगता येणार नाही.

रोहेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. रोह्याचे, म्हणून आमच्या घरात रोहेकर. घराणं एकेकाळचं जमीनदार, आता घरात सगळे मास्तर नाहीतर इंजिनीअर. हे कारखान्यात दाबाचे आणि तापमानाचे काटे सांभाळायचे. आवाज खालचा, बोलणं पुस्तकासारखं. मी धरमतरच्या खाडीवरचा आगरी. मीठ पिकवलं, तिसरीतून शाळा सोडली, आणि आवाज माझा बांधावरून पलीकडच्या बांधावर जाणारा. माझ्या मुलानं आणि त्यांच्या मुलीनं आपसांत ठरवून लग्न केलं. मी लग्नात त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र हळदीच्या मांडवात माझ्याजवळ आले, हात जोडले आणि विचारलं, "त्या गातायत त्या बाई कोण?"

मी म्हटलं, "माझी बायको."

आमच्या लग्नात धवलारीण लागते. भटजी मंत्र म्हणतात ते त्यांच्या जागी. पण हळद लागताना, मांडव घालताना, उंबराची फांदी आणताना जी गाणी म्हणायची ती धवले, आणि ती म्हणणारी बाई धवलारीण. तिचं गाणं झाल्याशिवाय आमच्यात काम पुढे सरकत नाही. माझी सोनाबाय आमच्या गावची शेवटची धवलारीण. तिच्या आईनं तिला दिलं, तिनं कोणाला द्यावं तर पोरी मोबाईल बघतात. स्वतःच्या मुलाच्या लग्नात नवऱ्याची आई असून तीच गात बसली होती, कारण दुसरी कोणी नव्हतीच.

पुढे नात शाळेत जायला लागली, आणि सोनाबायला दमा लागला. पेणचे डॉक्टर म्हणाले, आवाज आहे तोवर आहे. ही गोष्ट सूनबाईनं रोह्याला सांगितली असणार, कारण पुढच्याच आठवड्यात रोहेकर रेल्वेनं पेणला उतरले आणि रिक्षात मांडीवर घरचा कॉम्प्युटर घेऊन आमच्या दारात. म्हणाले, "विहीणबाई, तुमचे सगळे धवले आपण यात ठेवणार आहोत. तुम्ही फक्त गायचं."

सोनाबाय लाजली. म्हणाली, "आता कसलं गानं, दम पुरत नाय."

"दम पुरेल तेवढं. घाई नाही."

मधल्या खोलीत खिडकीजवळ, जिथे तिला खाडीचा वारा लागतो, तिथे मशीन बसलं. मी त्याला मशीनच म्हणायचो. सोनाबायनं त्याला लोकरीचं पांढरं झाकण विणलं, कडेला हिरवी नक्षी. बाळंतिणीच्या खोलीला जपावं तशी त्या कोपऱ्याला जपायची. अमावास्येला दारावरून ओवाळायची ते मशीनवरूनही ओवाळायची. रोहेकर नुसते बघायचे. मी मात्र बोलायचो, "गाणं तुझं, नजर लागंल तर तुला लागंल. त्या डब्याला कोण नजर लावतंय?"

ती म्हणायची, "गानं आता तिथं हाय ना."

दुपारी जेवणं झाली की रेकॉर्डिंग. पंखा बंद, कोंबड्या पाटीखाली, आणि मला बाहेर ओट्यावर बसायचा हुकूम, कारण माझा श्वासही मोठ्यानं येतो असं रोहेकरांचं म्हणणं. माझ्याच घरात! ती गायची, थांबायची, छातीवर हात ठेवायची, परत गायची. पहिला हळदीचा धवला झाला. रोहेकरांनी बटण दाबलं. मशीननं घुर्र घुर्र केलं, पडदा निळा झाला आणि सगळं बंद.

पुन्हा चालू केलं तर गाणं नाही.

मी आत गेलो. "कुठं गेलं?"

पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं होतं. रोहेकरांनी चष्मा वर केला आणि सांगितलं, "मशीन म्हणतंय, ऐकलं, पण लिहून घेता आलं नाही."

"लिहून घेता येत नाय तर ऐकलंन कशाला?"

सोनाबाय खाटेवर टेकून बसली होती. कपाळाला घाम. तो धवला तिनं दुसऱ्या दिवशी परत म्हटला. त्या वेळी तो राहिला. त्याच्या नंतरचा मांडवाचा गेला.

तुम्ही म्हणाल मोबाईलवर का नाही केलं. केलं. नातीनं केलं. सोनाबायनं ते ऐकलं आणि मोबाईल परत दिला. म्हणाली, "ही मी नाय. ही डब्यात कोंडलेली बाय हाय." त्यानंतर मोबाईल पुढे धरला की ती तोंड मिटायची. रोहेकरांनी आणलेल्या माईकवर मात्र ती तिलाच ओळखू यायची. तेव्हा मशीन दुरुस्त होणं भाग होतं. एकेक गाणं जात होतं, आणि परत म्हणायला लागणारा दम कुठल्या दुकानात मिळत नव्हता. हे मला दिसत होतं, रोहेकरांनाही दिसत होतं, आणि तरी तो माणूस घाई करत नव्हता.

त्यांची दुसरी खोड ही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढल्या, शाळकरी रबरानं घासल्या, परत बसवल्या. आठवडाभर वाट बघितली. मशीन पुन्हा बंद पडलं. मग पॉवर सप्लाय बदलला. वाट. पडलं. मग प्लगाची अर्थिंग बघितली, विजेचा दाब मोजला, बॅटरीचा बॉक्स आणला. पडलं. मी म्हणायचो, "सगळं एकदम बदला ना! बाजारात काय कमी हाय काय?"

"सगळं एकदम बदललं तर बरं होईल, व्याहीबुवा. पण आजार कुठे होता ते कळणार नाही, आणि तो परत येईल."

"आणि तोवर हिचा आवाज?"

ते पुढचा स्क्रू काढायला लागायचे. काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवायचे. तुटकी पट्टी, जळका पंखा, कसलीही तार, सगळं माझ्या खिळ्यांच्या डब्यात. "खराब वस्तू टाकायची नसते, तिला विचारायचं असतं," म्हणायचे. माझे खिळे सापडेनासे झाले.

शेवटी डिस्कच नवी आणली, तारही नवी. हीच ती लिहून घेणारी वस्तू, आता बघा, म्हणाले. चार गाणी सुरळीत झाली. मी पेढे आणले. पाऊस जोरावर आला, नागोठण्याला अंबा नदीचं पाणी बाजारात शिरलं म्हणून गाड्या बंद, रोहेकर काही दिवस येऊ शकले नाहीत. आले, झाकण काढलं, सोनाबायनं उंबराचा धवला म्हटला. सगळ्यात लांब तो. मध्ये ती दोनदा थांबली. संपवला तेव्हा ओठ निळे पडले होते. रोहेकरांनी बटण दाबलं आणि मशीन मेलं.

मी त्या दिवशी मशीन उचलून खाडीत टाकणार होतो. सुनेनं दार अडवलं.

मग त्यांनी मशीन रोह्याला नेऊ द्या म्हणून विनवलं. मी नाही म्हटलं. तिची गाणी आहेत त्यात, ती घराबाहेर जाणार नाहीत. सुनेनं गाणी दुसरीकडे उतरवून दाखवली तेव्हा नेऊ दिलं. रोह्याला त्या मशीननं काय करावं? दिवसभर चाललं. रोज चाललं. एकदा पडलं नाही. सासरी भांडकुदळ आणि माहेरी शहाणी. परत आणून खिडकीशी ठेवलं, आणि पुढची अमावास्या उलटली तोच पुन्हा निळा पडदा.

तेव्हा रोहेकर ओट्यावर येऊन माझ्याशेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "व्याहीबुवा, दोष यंत्रात नाही. दोष जागेत आहे."

"कुठल्या जागेत?"

"तुमच्या घरात."

मला काय झालं असेल ते ओळखा. हे घर मी मिठाच्या कमाईवर बांधलं. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून पायाची कातडी सोलली तेव्हा याचा पाया भरला. मिठाचं आगर आता भरावाखाली गेलं, पण घर उभं आहे. आणि हा मांडीवर डबा घेऊन आलेला माणूस मला सांगतो, दोष तुमच्या घरात!

"मशीन दुसऱ्या खोलीत ठेवून बघू," ते म्हणाले. "फक्त तेवढंच बदलू."

"मशीन तिथंच राहील. तिला वारा तिथं लागतो. तुम्हाला जमत नाय तर सांगा."

पुढच्या खेपेला ते आले ते सरळ मशीनसमोर बसले. सोनाबायनं नेहमीप्रमाणे झाकण उचललं, घडी केली, उशाला ठेवलं आणि चहा टाकायला गेली. रोहेकरांनी बाजूचा पत्रा काढला. मी दारात उभा, हाताची घडी घालून. त्यांनी आत टॉर्च मारला आणि बराच वेळ वर बघत राहिले, जिथे पत्र्याला हवेसाठी भोकं असतात. मग बोट तिथून खाली डिस्कपर्यंत फिरवलं. मग डिस्कची तार उपसली. नव्या तारेच्या टोकाला हिरवट पांढरं काहीतरी धरलं होतं.

आणि ते त्यांनी जिभेला लावलं.

मी मनात म्हटलं, घ्या, आता हेही खातायत. ते उठले, उशाला ठेवलेल्या झाकणाची घडी हातात घेतली, तिचा एक कोपरा चिमटीत धरून दाबला, घडी जशीच्या तशी ठेवली. तेवढ्यात सोनाबाय चहा घेऊन आली. तिनं विचारलं, "सापडला काय दोष?"

रोहेकरांनी तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. म्हणाले, "सापडला, विहीणबाई. माझीच चूक. तार मी हलकी घेतली होती."

मी तिथेच भडकलो. "नवी तार ना ही? तुम्हीच आणली ना?"

"मीच आणली."

"आणि दोष माझ्या घराला?"

"चुकलं माझं."

"हिला चार-चार वेळा गायला लावलंत! दम लागून निळी पडली ती! आणि तुमची तार हलकी! कारखान्यात काय काटे सांभाळलेत, का काट्याकडं बघत डबा खाल्लात?"

सून बाहेर आली, शेजारची माणसं ओट्यावर आली. मी थांबलो नाही. तुमचं शिक्षण आमच्या खाडीत बुडवा, असंही म्हणालो. स्वतःच्या मुलीसमोर तो माणूस मान खाली घालून चहा पीत राहिला. कप विसळून ठेवला. मग एक तार बदलली, जुनी माझ्या खिळ्यांच्या डब्यात टाकली, मशीन स्वच्छ पुसलं आणि पेणवरून संध्याकाळच्या एस.टी.नं गेला.

मला वाटलं, आता येत नाही. आला. पुढच्या खेपेला ड्रिल घेऊन. खिडकीच्या पलीकडच्या भिंतीला, मशीनपासून लांब, एक वीतभर लाकडी फळी ठोकली, वर चिनी मातीची बशी ठेवली. सोनाबायशी आत काहीतरी कुजबुजला. मी विचारलं, "हे काय, चष्मा ठेवायला?" म्हणाला, "असंच समजा." मी तरी त्या वेळी त्याच्याशी धड बोलत नव्हतो.

त्यानंतर मशीन पडलं नाही. उंबराचा धवला सोनाबायनं शेवटचा म्हटला. आधीच्यासारखा नाही झाला. मध्ये मध्ये श्वास ऐकू येतो, घरघरतो. पोराचं म्हणणं पडलं, ते कापून टाका. रोहेकर त्याच्यावर रागावले. त्यांना रागावलेलं मी तेवढंच बघितलं. "खोकला काढीन, कोंबडा काढीन. दम काढणार नाही. एवढ्या दमात तिनं हे म्हटलंय, ते ऐकणाऱ्याला कळू दे." सगळी गाणी त्यांनी तीन ठिकाणी उतरवली. एक आमच्या घरी, एक रोह्याला, एक मुलाच्या ऑफिसात. म्हणाले, "एका जागी ठेवलेलं ठेवलंय असं धरायचं नाही."

थंडी संपता संपता ते गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, तसेच. सुनेला फोन आला. मी रोह्याला गेलो, खांदा दिला, कोणाशी बोललो नाही. लोकांना वाटलं, जुनं भांडण. होतंच जुनं भांडण. हलक्या तारेचं.

परवाच्या अमावास्येला मी खाटेवर पडलो होतो. सोनाबायनं आतून बरणी आणली. आमच्या आगराचं शेवटचं मीठ तिनं त्या बरणीत ठेवलंय, भाजीत घालत नाही. जपायच्या वस्तूजवळ मिठाची पुरचुंडी ठेवायची ही तिच्या आईची रीत. तांदळाच्या पिंपावर असते, पाळण्याला असायची, मला माहीत आहे. तिनं मूठभर मीठ फडक्यात बांधलं आणि भिंतीच्या त्या फळीवर, बशीत ठेवलं.

"तिथं कशाला गो?"

"मशीनची हाय."

"मशीन इकडं, मीठ तिकडं?"

"पयली मी मशीनवरच ठेवायची, झाकणाच्या खाली. रोहेकर आलं की झाकणातच गुंडालून उचलायची, हसतील म्हनून. मंग त्यांना कलला. हसलं नाय. म्हनले, विहीणबाई, मीठ उंचावर ठेवा, सगल्या खोलीला लागू पडंल. फली त्यांनीच ठोकली ना त्यासाठी."

मी उठलो. खिळ्यांचा डबा शोधला. तळाशी तार होती, टोकावर अजून पांढरं. खाडीच्या हवेत मीठ पाणी धरतं, फडकं ओलं होतं, फडक्यातून ठिबकतं. हे मला कोणी शिकवायचं? मी तार जिभेला लावली. आमच्या आगराच्या मिठाला शेवटी जराशी कडवट चव आहे, ती मी झोपेतसुद्धा ओळखीन.

हा माझा राग. मला द्यायची होती ती तार! साऱ्या पेण तालुक्यात मिठाची जीभ माझी, आणि चाखून गप्प बसला रोह्याचा इंजिनीअर. मला सांगितलं असतं तर मी समजलो नसतो काय? मी तिला ओरडलो असतो, असं वाटलं त्याला? ओरडलो असतो. मग? नवऱ्यानं ओरडलेलं चालतं तिला, सवय आहे. आपल्याच मिठानं आपली गाणी खाल्ली हे तिला कळलं असतं, तर उंबराचा धवला तिनं परत म्हटला नसता, हे ओळखायला मला रोह्याचा माणूस लागत नव्हता. मी पण तोंड मिटून राहिलो असतो. मला विचारलं कोणी? परस्पर ठरवलं, परस्पर माझ्या शिव्या खाल्ल्या, पोटच्या पोरीसमोर मान खाली घातली, चहा प्यायला, कप विसळला आणि मला खोटं पाडून निघून गेला. भांडायला समोर तरी राहायचं!

मी तार हातात घेऊन उभा होतो. सोनाबाय फळीखाली उभी, पदर डोक्यावर, दम लागलेला. मशीनवर उंबराचा धवला लागला होता, सुनेनं लावलेला.

"बघा," ती म्हणाली, "तवापासून एकदा पन पडलं नाय. माझ्या मिठानं राखलं."

जन्मात मी कोणाच्या चुकीच्या बोलण्याला हो म्हटलेलं नाही. भावकीला विचारा, गावाला विचारा.

"व्हय गो," मी म्हटलं.

तर रोहेकर, हे तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत, आणि दर अमावास्येला करून घेणार आहात. तार मी खिशात ठेवली आहे. सोनाबायला वाचता येत नाही, म्हणून एवढं लिहिलं. वाचणाऱ्यांपैकी कोणी धरमतरच्या बाजूला आलात तर घरी या, धवले ऐका, चहा घ्या. फक्त फळीवर मीठ कसलं, असं तिच्यासमोर विचारलंत तर गाठ माझ्याशी आहे.